मस्टँगचं मागचं डिफरन्शिअल: एकच काम दोनदा

गाडी १९९५ ची फोर्ड मस्टँग जीटी. जुनं ३०२ घनइंची व्ही-८ इंजिन, वर सेंट्रिफ्युगल सुपरचार्जर, डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) चाकांपाशी ४२० हॉर्सपॉवर. गिअरबॉक्स ट्रेमेकचा टीकेओ-६००, दोन वर्षांपूर्वी बसवलेला. मागे मात्र कारखान्यातून आलं तसंच ८.८ इंची डिफरन्शिअल, म्हणजे इंजिनचा जोर दोन्ही मागच्या चाकांना वाटून देणारी गिअरची पेटी: ३.०८ रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणाऱ्या दांड्याचे ३.०८ फेरे), २८ स्प्लाइनचे (टोकाला २८ खाचा असलेले) ॲक्सल, आणि दोन्ही चाकांनी एकत्र जोर लावावा म्हणून क्लचपॅकवालं ट्रॅक्शन-लॉक. मी मिशिगनमध्ये नोव्हायला राहतो. गॅरेजमध्ये लिफ्ट नाही, चार जॅक-स्टँड आहेत आणि एक चौदा वर्षांची मदतनीस, माझी मुलगी, आहे. डेट्रॉइटच्या आसपास गाड्यांत हात काळे करणारी मराठी मंडळी पुष्कळ, म्हणून या नोंदी मराठीत.

ऑक्टोबरमध्ये मायलन ड्रॅगवेवर (पाव मैलाच्या सरळ शर्यतीच्या ट्रॅकवर) शेवटच्या रनला क्लच सोडल्यावर मागून 'टक्' आवाज आला. त्यानंतर एकच चाक फिरायचं, दुसरं नुसतं बघत बसायचं. (गावाचं स्पेलिंग इटलीच्या मिलानचं, पण इथले लोक मायलन म्हणतात. पहिल्या वर्षी मी मिलान म्हणून हसं करून घेतलं होतं.)

३ फेब्रुवारी २०२४, शनिवार

गॅरेजमध्ये हीटर लावूनही बोटं बधिर. या डिफरन्शिअलला खाली ड्रेन प्लग नाही, कव्हरच सैल करून ऑइल गाळावं लागतं. जुन्या गिअर ऑइलचा गंधकासारखा वास घरभर गेला. "अहो, ते दार लावून घ्या आधी," अशी आतून हाक आली, ती पुढचे चार महिने येतच राहिली.

ऑइलमध्ये चांदीसारखी चमकी आणि क्लचच्या पत्र्यांचे तुकडे. ट्रॅक्शन-लॉक संपलं होतं, हे अपेक्षितच होतं.

ॲक्सल काढायचे तर आधी मधला क्रॉस-शाफ्ट काढायचा, आणि तो शाफ्ट धरून ठेवतो एक बारीक लॉक-बोल्ट. हा बोल्ट तुटतो असं सगळे सांगतात. माझाही तुटला. डोकं पान्यात आलं, धड आतच राहिलं. उलट्या आट्याचं ड्रिल बिट लावून हळूहळू भोक पाडलं, तेव्हा उरलेला तुकडा ड्रिलबरोबर फिरत बाहेर आला. चार तास गेले. तुम्ही करणार असाल तर आधी बोल्टला हीट गनने चांगला गरम करा, त्यावर कारखान्यात लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा डिंक) लावलेलं असतं. मी घाई केली.

सी-क्लिप (ॲक्सल आत धरून ठेवणाऱ्या सी-आकाराच्या चकत्या) काढून ॲक्सल ओढले. उजव्या ॲक्सलच्या स्प्लाइन सरळ राहिलेल्या नाहीत, जिलबीच्या सुरुवातीसारखा पीळ बसलाय. आणखी दोन-तीन रन मारले असते तर तुटलाच असता.

१० फेब्रुवारी, शनिवार

काय घ्यायचं ते ठरलं.

रेशो ३.७३. माझं टायर २६ इंची, गाडी पाव मैलाच्या टोकाला ११८ मैल वेगाने जाते. ३.७३ ला चौथ्या गिअरमध्ये तिथे साधारण ५,७०० आरपीएम येतात, ४.१० घेतलं असतं तर ६,२५०. जुन्या ३०२ ब्लॉकला एवढं पळवायची माझी हिंमत नाही. ५०० हॉर्सपॉवरच्या पुढे हा ब्लॉक मधून उभा चिरतो, ही गोष्ट मस्टँगवाल्यांत बारशाच्या घुगऱ्यांइतकी जुनी आहे. शिवाय मी याच गाडीने ऑफिसला जातो.

ट्रॅक्शन-लॉकच्या जागी ईटनचं ट्रूट्रॅक, ३१ स्प्लाइनचं: तेच काम क्लचऐवजी गिअरने करणारं. स्पूल (दोन्ही ॲक्सल कायमचे एकत्र बांधणारा तुकडा) स्वस्त पडला असता, पण रस्त्यावर प्रत्येक वळणाला टायर किंचाळतात. दुसरं म्हणजे एनएचआरएच्या (अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या संघटनेच्या) नियमात स्पूल लावला की ॲक्सल धरून ठेवायला सी-क्लिप चालत नाही, वेगळी व्यवस्था लागते. गाडी पाव मैलाला १०.९९ सेकंद किंवा त्याहून वेगवान झाली तरी तेच. मला ११.५० च्या वरच राहायचंय, कारण ११.४९ ला रोल-बार (गाडी उलटली तर वाचवणारा नळ्यांचा सांगाडा) मागतात आणि रोल-बार लावला तर मागच्या सीटवर बसणारी मदतनीस कुठे बसणार?

किंमत डॉलरमध्ये: ट्रूट्रॅक ६२०, ॲक्सलची जोडी ३८०, क्राऊन-पिनियन (मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारं छोटं) २४५, बेअरिंग-सीलचा संच १३०. एकूण १,३७५. "सगळं मिळून चौदाशे," असं मी घरात सांगितलं. हे वाक्य नंतर मला बरेचदा ऐकवण्यात आलं.

हौसिंगच्या (डिफरन्शिअलच्या बाहेरच्या कवचाच्या) नळ्या वेल्ड करायचं मुद्दाम टाळलं. ८.८ चा मधला भाग बिडाचा, दोन्ही बाजूंच्या नळ्या पोलादी. त्या बिडात दाबून बसवलेल्या आणि थोड्या ठिकाणी भोकातून वेल्ड केलेल्या असतात. जोरात स्टार्ट घेतला की नळ्या बिडात फिरू शकतात, म्हणून लोक भोवती पूर्ण वेल्ड मारतात. पण इकडे येण्याआधी मी कोल्हापुरात शिरोलीच्या एका फाउंड्रीत सहा वर्षं काढली आहेत. बीड आणि वेल्डिंग एका वाक्यात आलं की माझ्या पोटात गोळा येतो. संध्याकाळी चांगलं दिसणारं वेल्डिंग सकाळी केसाएवढ्या भेगेने उघडलेलं मी इतक्यांदा पाहिलंय, की 'हे दहा सेकंदांच्या गाड्यांचं काम, आपलं नाही' असं मनाला समजावून टाकलं.

१७ फेब्रुवारी, शनिवार

ॲक्सल आले. जुन्याशेजारी ठेवले तर पाऊण इंच आखूड! मी १९९३ पर्यंतच्या फॉक्स बॉडीचे (आधीच्या पिढीच्या मस्टँगचे) मागवले होते. १९९४ ते १९९८ च्या गाड्यांचा मागचा ॲक्सल दर बाजूला पाऊण इंच रुंद असतो आणि १९९९ पासून आणखी वेगळा. मला हे माहीत होतं, पण ऑर्डर रात्री बारा वाजता केली. परतीचा दंड आणि टपाल मिळून ९५ डॉलर, आणि अकरा दिवस वाया.

तोवर कॅरिअर (क्राऊन ज्यावर बसतो तो मधला भाग) बाहेर काढला. बेअरिंगच्या दोन्ही कॅपवर आणि हौसिंगवर सेंटर पंचने खुणा केल्या. या कॅप हौसिंगबरोबरच बोअर केलेल्या असतात, डावी उजवीकडे चालत नाही. बाजूच्या शिमही (नेमक्या जाडीच्या पातळ चकत्या) डावी-उजवी लिहून वेगळ्या पिशव्यांत ठेवल्या.

२४ फेब्रुवारी, शनिवार

जुन्या पिनियनचं आतलं बेअरिंग प्रेसवर काढलं. त्याखालची शिम ३० थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) निघाली. ते बेअरिंग फेकू नका. आतून फ्लॅप व्हीलने थोडं घासलं की ते हाताने बसतं आणि हाताने निघतं, म्हणजे शिम बदलताना प्रत्येक वेळी नव्या बेअरिंगचा जीव जात नाही. या घासलेल्या बेअरिंगने माझे किमान शंभर डॉलर वाचवले.

नवा क्राऊन ट्रूट्रॅकवर थंड बसेना. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात वीस मिनिटं ठेवला, मग अलगद बसला. पातेलं पुरणाचं होतं, हे मला नंतर कळलं. बोल्टला लाल लॉकटाइट, आळीपाळीने समोरासमोरचे आवळत ७५ पाउंड-फूट.

२ आणि ३ मार्च

दोन्ही दिवस फक्त शिम आणि पिवळा रंग. रंग क्राऊनच्या दातांना लावायचा आणि ठसा कुठे उमटतो ते बघायचं.

३० थाउच्या शिमला रंगाचा ठसा दाताच्या टोकाकडे आला, म्हणजे पिनियन क्राऊनपासून लांब. ३४ केली तर ठसा दाताच्या बुडात गेला. ३२ ला मध्ये आला. प्रत्येक वेळी कॅरिअर बाहेर, पिनियन बाहेर, बेअरिंग बाहेर, शिम, परत सगळं आत. एका फेरीला सव्वा तास.

प्ले (दातांमधली मोकळी फट) पहिल्यांदा १७ थाउ होता. डावीकडच्या शिममध्ये १० थाउ वाढवले, उजवीकडून १० काढले, प्ले १० वर आला. चार ठिकाणी मोजला: १०, १०, ११, १०. डायल गेज मुलगी वाचत होती. "बाबा, तुम्ही चाक हलवताना श्वास सोडता, काटा हलतो," म्हणाली. तिचं बरोबर होतं, गेजचा मॅग्नेट गंजावर बसवला होता. कानशीने जागा घासून परत बसवला.

९ मार्च, शनिवार

पिनियन कायमचा बसवायचा दिवस. दोन बेअरिंगांमध्ये एक क्रश स्लीव्ह असते. नट आवळला की ती चेपते आणि बेअरिंगवर ताण येतो. ताण मोजायचा पिनियन फिरवायला लागणाऱ्या जोरावरून. नव्या बेअरिंगला १६ ते २९ पाउंड-इंच हवा.

पान्याला चार फुटी पाइप लावला. बराच वेळ काही होईना. नट सैलच आहे असं वाटतं, कारण स्लीव्ह चेपायला सुरुवात व्हायलाच प्रचंड जोर लागतो. मग एकदम गेली. मोजलं तर ३८! नट सैल करून ताण कमी करता येत नाही, चेपलेली स्लीव्ह परत फुलत नाही. नवीच घालावी लागते, आणि मी एकच घेतली होती. आठ डॉलरच्या नळीसाठी पाच दिवस थांबलो. या वेळी तीन मागवल्या.

१६ मार्च, शनिवार

दुसऱ्या स्लीव्हला पाइपचं टोक एकेका इंचाने फिरवत, दर वेळी मोजत गेलो. २२ वर थांबलो. सगळं परत जोडलं.

८.८ मध्ये चाकाच्या बाजूचं बेअरिंग थेट ॲक्सलच्या दांड्यावरच चालतं, त्याला आतली रिंग नसते. त्यामुळे जुना ॲक्सल तिथे झिजला असेल तर नुसतं बेअरिंग बदलून उपयोग नाही. माझ्या डाव्या ॲक्सलवर नखाला लागेल एवढी खाच होती. एबीएसच्या दातेरी कड्या जुन्यावरून काढून नव्यावर चढवल्या, त्यात दोन तास.

ऑइल साधं ८०-डब्ल्यू-९०. ट्रूट्रॅकमध्ये क्लच नाहीत, म्हणून फ्रिक्शन मॉडिफायर घालायचा नाही. सिंथेटिकही नको म्हणतात.

पहिली फेरी १५ मैल, मग अर्धा तास थंड. आवाज नाही! स्पीडोमीटर मात्र ६० च्या वेगाला ७३ दाखवतो. गिअरबॉक्सच्या शेपटीतला नायलॉनचा छोटा गिअर बदलायचा राहिला होता.

८ एप्रिल, सोमवार

नव्या क्राऊन-पिनियनला ५०० मैल सांभाळून चालवायचं असतं. ४१० झाले होते. आज खग्रास सूर्यग्रहण, आणि टोलेडो त्या पट्ट्यात. बायको-मुलगी म्हणाल्या, मस्टँगनेच जाऊ. जाताना ७० मैल मजेत. भरदुपारी अंधार पडला तेव्हा शेजारच्या शेतातले पक्षी गप्प झाले, ते विसरणार नाही. परतताना मात्र तीन तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. घरी आल्यावर डिफरन्शिअलवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला: १५५ फॅरनहाइट. ठीक. दुसऱ्या दिवशी पाडवा होता, म्हणून गॅरेजला सुट्टी.

२० एप्रिल, शनिवार

मायलन. जायच्या आधी मुलीने नळी आणि बिडाच्या जोडावर दोन्ही बाजूंना पांढऱ्या पेंटने एकेक आडवी रेघ मारली. कुठेतरी वाचलं होतं तिने. मी म्हटलं, मार.

मागे ड्रॅग रेडिअल टायर, हवा १७ पीएसआय. ऑक्टोबरमध्ये पहिल्या ६० फुटांना १.९४ सेकंद लागत होते आणि एकूण १२.२१.

पहिला रन: ६० फूट १.७८, एकूण ११.९६. दोन्ही चाकं एकदम पकडतात, हे आधी कधी अनुभवलंच नव्हतं. दुसरा: १.७२, ११.८७. तिसऱ्याला क्लच ४,५०० वर सोडला: १.६९, ११.८२. चौथ्याला गाडी सुटतानाच उजवीकडे ओढली आणि मागून करकर. मी लगेच सोडून दिलं.

ट्रेलर नव्हता. महामार्ग टाळून ५० मैल हळूहळू घरी.

२१ एप्रिल, रविवार

गाडी वर घेतली. डावीकडची रेघ सरळ. उजवीकडची तुटलेली: अर्धी बिडावर, अर्धी नळीवर, मध्ये चांगलं एक सुताचं अंतर.

मस्टँगमध्ये वरचे कंट्रोल आर्म बिडाच्या कानांना धरलेले असतात, खालचे आर्म नळ्यांवरच्या ब्रॅकेटला. मधला भाग एकीकडे पिळायला बघतो, नळी दुसरीकडे धरून ठेवते. जुने ॲक्सल आणि झिजलेले क्लच होते तोवर धक्का तिथेच जिरायचा. मी आतलं सगळं मजबूत केलं आणि तो धक्का सरळ नळीवर गेला. ४०० पाउंड-फूट टॉर्क, पहिला गिअर २.८७, त्यावर ३.७३: चार हजारांच्या वर पाउंड-फूट, आणि क्लचचा फटका वेगळा. फेब्रुवारीत हा गुणाकार कागदावर केला असता तर बरं झालं असतं.

आता वेल्ड करावंच लागणार. वेल्ड केलं की हौसिंग वाकणार, म्हणजे बसवलेला पिनियन, मोजलेला प्ले, सगळं परत. मार्चमधली तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात. वेल्डिंग आधी, मोजमाप नंतर, एवढा एक क्रम पाळला असता तर ही पानं निम्मी झाली असती.

४ मे, शनिवार

पूर्ण ॲक्सल गाडीखालून बाहेर काढला. मिशिगनच्या मिठाने खालच्या आर्मचा एक बोल्ट बुशमध्येच जाम झाला होता, तो कापावा लागला. बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगाही हौसिंगमधून काढल्या, नाहीतर तापवताना त्या गेल्या असत्या.

बिडावर किती ऑइल मुरलेलं असतं! ब्रेक क्लीनरने पुसलं, तापवलं, परत बाहेर आलं, परत पुसलं. चार वेळा.

५ मे, रविवार

निवृत्त वेल्डर असलेले शेजारी आले. काठी ५५ टक्के निकेलवाली. बीड आणि पोलाद जोडायला हीच. बेअरिंग कॅप टॉर्कने आवळून ठेवल्या, म्हणजे बोअर जास्त हलणार नाही. बिडाचा भाग ५०० फॅरनहाइटपर्यंत तापवला. मग एक इंच वेल्ड, लगेच छोट्या हातोडीने ठोकणं, मग समोरच्या बाजूला एक इंच, मग दुसरी नळी. घाईघाईने सलग फेरा मारायचा नाही. ठोकल्याने थंड होताना आकसणाऱ्या वेल्डचा ताण मोकळा होतो. हे मला शिरोलीतल्या एका म्हाताऱ्या फिटरने शिकवलं होतं. शेजाऱ्यांना ते आधीच माहीत होतं. पाच तास लागले. शेवटी सगळं वेल्डिंग ब्लँकेटमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवलं. फाउंड्रीत आम्ही राखेत पुरून ठेवायचो.

रात्री मला नीट झोप लागली नाही. सकाळी सहाला उठून डाय पेनिट्रंट (भेग असेल तर लाल दाखवणारा रंग) फवारला. एकही लाल रेघ नाही.

११ मे, शनिवार

मशीन शॉपमध्ये सरळपणा मोजून घेतला. उजवी नळी टोकाला ४० थाउ वर गेली होती. त्यांनी विरुद्ध बाजूला ठिपक्याएवढी जागा लालबुंद तापवून थंड करत करत ती ६ थाउवर आणली. २२० डॉलर. पैसे देताना वाईट वाटलं नाही. ते काम बघण्यासारखं होतं.

१८ ते २६ मे

परत शिम, परत पिवळा रंग. ३२ वर ठसा आता थोडा टोकाकडे, ३३ ला मध्ये. बोअर एका थाउने हललं असावं. प्ले १४ झाला होता, तो ९ वर आणला.

या वेळी क्रश स्लीव्ह नाही. त्याऐवजी टणक स्पेसर आणि बारीक शिमा, ४५ डॉलर. ताण बसवायला पाच फेऱ्या लागल्या, पण शेवटी नट निःशंकपणे आवळता येतो आणि जोरात स्टार्ट घेताना स्पेसर आणखी चेपत नाही. २० पाउंड-इंचावर थांबलो. कव्हरही जाड ॲल्युमिनियमचं घेतलं, आतून बेअरिंग कॅपला टेकणारे दोन बोल्ट असलेलं. ते बोल्ट नुसते टेकवायचे, आवळायचे नाहीत.

एकूण हिशोब. आधीचे १,३७५. चुकीचे ॲक्सल ९५, डायल गेज आणि पाउंड-इंचाचा पाना १४०, जादा स्लीव्ह २५, ऑइल दोनदा मिळून ७०. दुसऱ्या फेरीत स्पेसर ४५, पिनियनची बेअरिंग आणि सील परत ७५, वेल्डिंगच्या काठ्या आणि गॅस ८५, मशीन शॉप २२०, कव्हर १९०. बेरीज २,३२०. तासांची नोंद १०४ पर्यंत ठेवली, नंतर सोडून दिली.

८ जून, शनिवार

५०० मैल अजून व्हायचे आहेत, २९० झालेत. तरी गेलो. आधीच सांगतो, हे चूक आहे, तुम्ही करू नका.

तीनच रन. १.७०, ११.८४. १.६६, ११.७६. तिसरा १.६५, ११.७२, टोकाला ११८.४ मैल. गाडी सरळ सुटली. तिसऱ्या गिअरमधून चौथ्यात ९७ मैलांच्या आसपास जावं लागतं. ३.०८ ला हे शिफ्ट लागत नसे, तिसऱ्यातच रेघ पार व्हायची. त्याचा हात अजून बसलेला नाही, दर वेळी एखादा दशांश तिथे जातो.

पिटमध्ये मुलगी टॉर्च घेऊन गाडीखाली सरकली. नव्या रेघा तिनेच मारल्या होत्या, या वेळी लाल पेंटने.

"हललेली नाही, बाबा. दोन्हीकडची. पण डाव्या चाकाच्या आतून एक थेंब लोंबतोय."

वास घेतला. गिअर ऑइल. ॲक्सल आत सरकवताना स्प्लाइन सीलच्या ओठाला घासली असणार. सील बारा डॉलरचं आहे, पण त्यासाठी कव्हर उघडायचं, तो लॉक-बोल्ट परत काढायचा.